तोंडी नकार फुकटचा असतो

सत्तरी तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. वय 25-26. एम.एस्सी. झाल्यावर ती वेर्ण्याला एका औषध कंपनीत कंत्राटावर लागली. आता दुसऱ्या कंपनीत कायमची नोकरी समोर आहे, पण घोडं अडलंय आडनावाच्या स्पेलिंगवर. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर एक, बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर दुसरंच. नव्या कंपनीच्या एचआरने महिनाअखेरपर्यंत दुरुस्त कागद मागितले आहेत. त्यासाठी ती रात्रपाळी संपवून, झोप न काढता, एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर खेपा घालते आहे. पहिल्यांदा "भायर बोर्ड लायला न्ही, वाचूंक येना?" असं ऐकून घ्यावं लागलं. मग "सायब ना, फाल्यां यो", म्हणजे साहेब नाहीत, उद्या ये. मग "हे कॉलेजातून आणायला हवं." शेवटच्या खेपेला "तुझा अर्जच मिळत नाही", आणि वर रांगेतल्या लोकांकडे बघून "एम.एस्सी. झाल्यात म्हणे!" तिच्या मागे उभ्या असलेल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या मुलाला मात्र त्याच मॅडमनी 'सर' म्हणून आत बोलावून खुर्ची दिली.

ती लिहिते: "त्या मॅडमनी माझ्यावर डूखच धरलाय असं वाटतं. वडील म्हणतात, हात जोड, आपलं काम आहे. मामा म्हणतो, आमदाराच्या ऑफिसातून फोन करवतो. मैत्रीण म्हणते, पुढच्या वेळी मोबाइल चालू ठेव आणि इन्स्टाग्रामवर टाक. मला वाटतं लेखी तक्रार करावी. पण तक्रार केली आणि त्यांनी माझा कागद मुद्दाम दाबून ठेवला तर? आणि गप्प बसले तर मी भित्री ठरते का?"

तुझं पत्र वाचून एक गोष्ट आधी सांगते, कारण घरातल्या सल्लागारांपैकी कुणी ती बोललेलं दिसत नाही. त्या मॅडम जे बोलल्या ते चूक होतं. 'त्यांनाही कामाचा ताण असेल' अशी समजूत मी घालणार नाही. मी स्वतः एका महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे, त्यामुळे तो ताण मला चांगला ठाऊक आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की सकाळपासून काचेवर बोटं वाजायला लागतात. टेबलावर एका बाजूला अर्जांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला स्टॅम्प पॅड, मधे जाडजूड आवक रजिस्टर. पंखा लावला की कागद उडतात म्हणून गठ्ठ्यावर पंचिंग मशीन ठेवलेलं. जो येतो त्याला वाटतं आपली अडचण जगावेगळी, आणि आतल्या बाईने ती सकाळपासून कितीदा तरी ऐकलेली असते. हे सगळं खरं. पण त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली, शेजारच्या टेबलावरची बाई त्याच मुलांशी नीट बोलायची. रांगेकडे बघून कुणाच्या शिक्षणाची टिंगल करणं ही सवय असते, आणि ती खपवून घेतली जाते म्हणून टिकते.

हे एवढं मान्य केल्यावर आता तुझ्या काही समजुतींकडे वळते.

पहिली समजूत डूख धरल्याची. मला नाही तसं वाटत. त्या खिडकीवर रोज जेवढी तोंडं येतात त्यांत तुझा चेहरा त्यांच्या ध्यानातही नसेल. हे ऐकून बरं वाटणार नाही, अपमान आपल्याला आठवडाभर जाळतो आणि करणारा चहाच्या सुट्टीपर्यंत विसरलेला असतो. पण कामाच्या दृष्टीने ही बातमी चांगली आहे. डूख असता तर इलाज अवघड होता. इथे दिसतोय तो हलगर्जीपणा, आणि हलगर्जीपणाला कागदाचा धाक पुरतो.

तो कसा, ते सांगते. खिडकीवर बसणाऱ्या माणसाच्या हातात सही नसते. गुणपत्रिकेवरचं नाव बदलायचं तर कारकून कागद तपासतो, त्यावर नोटिंग करतो म्हणजे शेरा लिहितो, सेक्शन ऑफिसर ते पुट अप करतो म्हणजे वरच्यांपुढे ठेवतो, असिस्टंट रजिस्ट्रारच्या टेबलावरून ते परीक्षा नियंत्रकांपर्यंत जातं, मग उलट्या वाटेने खाली येतं. ह्या सगळ्या साखळीत खिडकीवरच्या बाईला स्वतःच्या बळावर देता येईल अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे नकार. होकार दिला आणि उद्या कागदात खोट निघाली तर 'हा अर्ज घेतला कुणी?' म्हणून तिलाच विचारतात. नकार दिला तर कुणी काही विचारत नाही. त्यातून नकार तोंडी असला की त्याचा मागमूसही उरत नाही. 'उद्या या', 'साहेब नाहीत', 'कॉलेजातून आणा' हे सगळे तोंडी नकार, म्हणूनच फुकटचे. तू आत्तापर्यंत जे काही मिळवलंस ते सगळं तोंडी आहे. तुझ्या पत्रात पोचपावतीचा कुठे उल्लेखच नाही, म्हणजे अर्ज दिलास पण त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला नाहीस असं मी धरून चालते. मग 'अर्जच मिळत नाही' हे म्हणणं किती सोपं झालं बघ.

तेव्हा यापुढे भांडणही नको आणि आर्जवंही नकोत, जे काही ऐकवाल ते कागदावर द्या एवढंच धोरण ठेव. वडील 'हात जोड' म्हणतात त्यांना हसू नकोस. त्यांच्या अनुभवात कागद साहेबाच्या मर्जीने मिळत आलेला आहे. पण हात जोडून मिळालेलं आश्वासनही शेवटी तोंडीच.

आता 'कॉलेजातून आणा' ह्याकडे जरा नीट बघ. तुला ती टोलवाटोलवी वाटली. अर्धी असेलही. पण अर्धं उत्तर त्यातच आहे, ते समजावून सांगायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत. विद्यार्थ्याचं नाव विद्यापीठाकडे सहसा कॉलेजने पहिल्या वर्षी पाठवलेल्या नोंदणीतून जातं, आणि कॉलेज ते प्रवेश-अर्जावरून व दहावी-बारावीच्या कागदांवरून घेतं. चूक तुझ्या अर्जात झालेली असू शकते, कॉलेजच्या नोंदणीत किंवा विद्यापीठात टाइप करताना. दुरुस्ती सुरू होते ती चूक जिथे झाली तिथून.

गोव्यात आडनावांचा हा घोळ जुनाच आहे. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदींत 'क' कधी सी ने लिहिलेला, कधी क्यू ने, पुढे शाळेच्या रजिस्टरात तो के झाला. एकाच घरातले आजोबा क्यू-यू-ई ने संपणारे नाईक आणि नातू साधा के वाला. गांवकरांची निम्मी वस्ती जी-ए-ओ आणि निम्मी जी-ए-यू, वर शेवटी सी-ए-आर की के-ए-आर हा वाद वेगळाच. शाळेतल्या बाईंनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आणि आपण वीस वर्षांनी त्याचा निस्तार करतो.

म्हणून आधी घरी बस. दहावी आणि बारावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, पहिल्या सत्रापासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जमिनीवर ओळीने मांड आणि नाव नेमकं कुठल्या कागदापासून बदललं ते शोध. पहिल्याच सत्रापासून वेगळं असेल तर उगम बहुधा कॉलेजच्या नोंदणीत आहे. मग प्राचार्यांचं पत्र आणि कॉलेजच्या जनरल रजिस्टरचा उतारा लागेल, आणि त्या मॅडमचं म्हणणं बरोबर होतं असं धरावं लागेल, सांगण्याची रीत सोडून. मधल्याच एका सत्रापासून बदललं असेल तर चूक विद्यापीठात झाली. तुला कॉलेजात पिटाळायचं काही कारण नाही, आधीची बरोबर गुणपत्रिका आणि नंतरची चुकीची शेजारी शेजारी जोड, बोलायची गरजही फारशी उरणार नाही. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा जन्मदाखला आणि दहावीचं प्रमाणपत्रच एकमेकांशी जुळत नसेल, तर तो विद्यापीठाच्या हातातला विषयच नव्हे. त्यासाठी गोव्यात 1990 चा नाव व आडनाव बदलाचा कायदा आहे आणि ती वाट तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून जाते. तिथे न जाता विद्यापीठाच्या खिडकीवर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

कॉलेजचं पत्र लागणार असेल तर थेट कॉलेजच्या ऑफिसात जाण्याआधी तुझ्या जुन्या विभागातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना फोन कर. त्यांना तू आठवतेस, आणि प्राचार्यांच्या सहीसाठी पत्र तयार करवून घेणं त्यांना तुझ्यापेक्षा सोपं आहे.

मग खिडकी. रात्रपाळी करून तिथे जाऊ नकोस. अर्ध्या दिवसाची रजा कापली जाईल, जाऊ दे. झोप नसलेल्या माणसाचा आवाज कधी चढतो आणि डोळ्यांत कधी पाणी येतं ते त्याचं त्यालाही कळत नाही, आणि तुला तिथे दोन्ही नकोय. खिडकी उघडते तेव्हाच हजर राहा, जेवणाच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासात कुठल्याच कार्यालयात काही हलत नाही. कुणालातरी बरोबर ने. त्याने बोलायचं नाही, शेजारी उभं राहायचं. साक्षीदार असला की पुष्कळांच्या जिभेला आपोआप लगाम बसतो.

अर्ज नवा लिही, दोन प्रती काढ, मजकूर एका पानात मावला पाहिजे. नाव, नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक, कुठल्या सत्राच्या गुणपत्रिकेत काय छापलंय आणि काय हवं, सोबत कुठले कागद जोडलेत त्यांची अनुक्रमे यादी. आधीच्या अर्जाची तारीख आठवत असेल तर तीही घाल. आपली कहाणी लिहू नकोस, फाइलवर कहाणी कुणी वाचत नाही. शेवटी मात्र ही दोन वाक्यं हवीतच: "नोकरीवर रुजू होण्याची मुदत अमुक तारखेला संपत असल्याने अर्जाचा तातडीने विचार व्हावा. अर्जात काही त्रुटी असल्यास ती लेखी कळवावी."

खिडकीवर गेल्यावर 'माझं काम कधी होणार?' असं विचारू नकोस, त्याला 'बघू' हे तयार उत्तर असतं. तिथे विचारायचं ते असं: "मॅडम, हा विषय कुणाच्या टेबलाकडे आहे?" "ह्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर द्याल?" काही कमी आहे म्हणाल्या तर "काय कमी आहे ते ह्याच कागदाच्या मागे लिहून द्याल? म्हणजे मी पुन्हा चुकीचं आणणार नाही." शेवटचं वाक्य अगदी नम्र आवाजात. ह्यावर बहुतेक वेळा दोनच गोष्टी घडतात. एक तर त्या खरंच लिहून देतात, आणि मग उद्या दुसरी उणीव काढता येत नाही. नाहीतर लिहायचं म्हटल्यावर 'राहू दे, ठेव अर्ज' म्हणतात. पुन्हा टोमणा आलाच तर "माझ्या शिक्षणाचं राहू द्या मॅडम, अर्जाचं बघूया" एवढं बोलून थांब.

शिक्का द्यायला तयार नसतील तर हुज्जत घालत बसू नकोस. बहुतेक विद्यापीठांत कुलसचिवांच्या कार्यालयाचा आवक विभाग वेगळा असतो, तिथे टपाल घेणं हेच काम असतं. तिथे दे. तेही जमलं नाही तर वाळपईच्या पोस्टातून स्पीड पोस्ट कर, पोचल्याची नोंद काढून ठेव. शिक्का मिळालेल्या प्रतीचा फोटो विभागाच्या अधिकृत ईमेलवर पाठव, परीक्षा नियंत्रक आणि कुलसचिव यांना त्याची प्रत दे. एकदा आवक क्रमांक पडला की त्या कागदाला जन्मतारीख मिळते, मग तो 'सापडत नाही' म्हटलं तर कुणालातरी जबाबदार धरावं लागतं.

भाषेबद्दल तू लिहिलंस ते खोटं पाडायला मी बसलेली नाही. पणजीच्या इंग्रजीला खुर्ची आणि सत्तरीच्या बोलीला 'अगे', हे आपल्याकडे होतं. करणारी व्यक्तीही कित्येकदा अशाच कुठल्या गावातून कदंबाच्या, म्हणजे आपल्या सरकारी बसने उभी येत असते, त्यामुळे ते जास्तच लागतं. पण म्हणून तिथे जाऊन अडखळत इंग्रजी बोलायचा आटापिटा करू नकोस. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली. बोल तू आपल्या भाषेत, ताठ मानेने. अर्ज मात्र इंग्रजीत दे, कारण फाइलवरची नोटिंग इंग्रजीत चालते आणि घाईच्या दिवसांत तुझा कागद भाषांतराच्या निमित्ताने कुठल्या ट्रेमध्ये पडून राहायला नको.

मामाच्या फोनचं काय? हा प्रश्न गोव्याबाहेरच्या सल्लागाराने एका वाक्यात निकालात काढला असता, 'वशिला वाईट'. आपल्याकडे तो इतका सरळ नाही. 40 मतदारसंघ, एकेकात सरासरी तीस हजारांहूनही कमी मतदार. आमदार बारशाला येतो, बाराव्यालाही येतो. अशा ठिकाणी फोन करवणं म्हणजे फार मोठं पाप असं कुणालाच वाटत नाही. तेव्हा नीतीचं बाजूला ठेवून फोन आल्यावर आत काय होतं तेवढंच सांगते. साहेब केबिनमधून बाहेर येतात, 'ते अमक्याचं काय झालं?' म्हणतात, गठ्ठ्यातून तेवढा एक कागद वर निघतो. कागद पूर्ण असेल तर त्या दिवशी पुढे सरकतो. अपूर्ण असेल तर फोनने तो पूर्ण होत नाही. प्राचार्यांचं पत्र लागणार असेल तर आमदार ते देऊ शकत नाही. तुझा तर अर्जच सापडत नाहीये, म्हणजे फोन करून वर काढायचं काय? शिवाय तुझा कागद वर आला की कुणाचा तरी खाली जातो, आणि तो बहुधा मामा नसलेल्या मुलीचा असतो.

मामाला तोडून टाकू नकोस, दुसऱ्या कामाला लाव. त्याच्या एवढ्या ओळखी आहेत, तर विद्यापीठातून किंवा कॉलेजातून निवृत्त झालेला एखादा हेड क्लार्क, सेक्शन ऑफिसर त्याला नक्की माहीत असेल. त्यांच्याकडे तुझा अर्ज घेऊन जा आणि 'ह्यात काय राहिलं?' एवढं विचार. दहा मिनिटांत ते सांगतील की अमुक फॉर्म लागतो, तमुक फी आधी भरावी लागते, प्रतिज्ञापत्र नोटरीकडचं चालतं की नाही. ओळखीचा हा उपयोग कुणाच्याच पोटावर पाय देत नाही. आणि पूर्ण अर्ज शिक्का घेऊन ठेवल्यावरही हालचाल झाली नाही, तर मामाने फोन करण्यापेक्षा तू स्वतः असिस्टंट रजिस्ट्रारना भेटायची वेळ माग.

मोबाइल मात्र खिशातच राहू दे. तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये तुझं आडनाव दुरुस्त होत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती क्लिपची. कुणी म्हणतं मुलगी आगाऊ, कुणी त्या बाईंचं घर कुठे ते शोधून काढतं, कार्यालय एका दिवसात त्यांच्या बाजूने एक होतं आणि तुझा अर्ज 'तो वादातला' म्हणून बाजूला पडतो. हुज्जत वाढली तर कामात अडथळा आणल्याची तक्रार तुझ्यावर उलटू शकते, आणि नव्या कंपनीचं एचआर तुझं नाव इंटरनेटवर शोधतच असणार. त्यापेक्षा बाहेर येऊन पायरीवर बस आणि वहीत लगेच लिहून ठेव: तारीख, वेळ, खिडकी, नेमके शब्द, शेजारी कोण होतं.

कारण तक्रार तू करावीस असं माझंही मत आहे. पण ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या माणसाकडे. दुरुस्तीचा अर्ज आणि वागणुकीची तक्रार एका पत्रात घातलीस की वाचणारा दोन्हींना मिळून एकच 'रागावलेलं पत्र' समजतो, आणि मूळ काम त्या रागाखाली गाडलं जातं. आधी अर्जाला आवक क्रमांक पडू दे. मग तक्रार कुलसचिवांच्या नावाने, त्यांच्या आवक विभागात.

कागद दाबतील ही तुझी भीती अगदी निराधार आहे असं म्हणून मी तुला फसवणार नाही, असं होतं. पण दाबला जातो तो बहुधा नोंद नसलेला कागद. ज्या अर्जाची प्रत तीन टेबलांवर आहे आणि ज्याच्यामागून कुलसचिवांकडे तक्रार गेली आहे, तो दाबणं म्हणजे तक्रार खरी असल्याचा पुरावा स्वतःच्या हाताने देणं. आतली माणसं हे चांगलं ओळखतात.

तक्रारीत विशेषणं नकोत. 'उद्धट', 'मग्रूर', 'अत्यंत अपमानास्पद' हे सगळं खोडून टाक. "अमुक तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास परीक्षा विभागाच्या अमुक खिडकीवर मी अर्जाची चौकशी केली. तेथील कर्मचाऱ्यांनी रांगेतील इतर व्यक्तींसमोर पुढील शब्द वापरले: '...'. अर्ज सापडत नसल्याचे तोंडी सांगण्यात आले. त्याबाबत लेखी उत्तर मिळाले नाही." एवढं पुरे. त्यांचे शब्द जसेच्या तसे अवतरणात ठेव, त्या शब्दांना तुझ्या विशेषणांची मदत लागत नाही. नाव माहीत नसेल तर खिडकी आणि वेळ दे, त्या वेळी तिथे कोण होतं हे कार्यालयाला कळतं. 'कारवाई करा' असं मोघम लिहिण्याऐवजी नेमकं काही माग: खिडकीवर आवश्यक कागदांची यादी लावावी, प्रत्येक अर्जाला पोच द्यावी.

जे अजून शिकत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांप्रमाणे विद्यापीठात तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने 15 कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं, आणि तिथे 30 दिवसांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे. लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश नेमतात. ह्या नियमांत विद्यार्थी म्हणजे प्रवेश घेतलेला किंवा घेऊ पाहणारा, त्यामुळे तुझ्यासारख्या पास होऊन गेलेलीला 'तू आता विद्यार्थिनी नाहीस' असं सांगायला जागा राहते. प्रयत्न कर, पण भिस्त त्यावर ठेवू नकोस. ज्यांचं पदवी प्रमाणपत्रच रखडलंय त्यांनी हे लक्षात ठेवावं, की यूजीसीच्या 2008 च्या नियमांनुसार विद्यार्थी पात्र ठरल्यापासून 180 दिवसांत पदवी मिळायला हवी. अर्जात ह्या नियमाचा उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो.

तुझ्यासाठी खरं हत्यार माहिती अधिकाराचं. ह्या बाबतीत गोवेकरांनी मागे राहायचं काही कारणच नाही, केंद्राचा कायदा 2005 ला आला, गोव्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा 1997 मध्येच झाला होता. 10 रुपये फी, विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज. 'माझं काम का झालं नाही?' असं विचारू नकोस, 'का' ह्या प्रश्नाला माहिती म्हणत नाहीत असं उत्तर येतं. विचार असं: अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत कुठल्या तारखेला काय कार्यवाही झाली, तो कुठल्या पदावरच्या कर्मचाऱ्याकडे किती दिवस होता, नोटिंगची प्रत द्यावी, आणि नावदुरुस्तीसाठी ठरवलेली मुदत सांगणाऱ्या नियमाची प्रत द्यावी. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. विनाकारण उशीर केल्यास माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. तुझी मुदत महिनाअखेरची, तेव्हा उत्तर हातात पडेपर्यंत ती कदाचित उलटेल. पण पुष्कळदा उत्तर लिहायला फाइल शोधावी लागते, आणि शोधलेली फाइल मग पुढेही सरकते.

दुरुस्त गुणपत्रिका हातात पडली की तिथेच उभी राहून प्रत्येक अक्षर तपास, घरी जाऊन नको. नाव मूळ नोंदीतही बदललं का ते विचार, आणि डिजिलॉकरवर तुझ्या गुणपत्रिका असतील तर तिथेही बघ. कंपनीसाठी कागदांची पडताळणी करणारी एजन्सी विद्यापीठाच्या नोंदीशी ताडून बघते, तुझ्या हातातल्या कागदाशी नव्हे. आणि ह्या सगळ्या प्रवासात ज्या कुणी तुला नीट माहिती दिली असेल त्याचं नाव घेऊन कुलसचिवांना दोन ओळी आभाराच्या लिही. वैयक्तिक फाइलीत अशी पत्रं फार क्वचित येतात.

भित्री ठरते का, असं विचारलंस. रात्रपाळी करून पुन्हा पुन्हा त्या खिडकीवर जाणारी मुलगी भित्री कशी असेल? त्या क्षणी उलट उत्तर दिलं नाहीस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. तेव्हा उलट बोलली असतीस तर आज हे पत्र दुसऱ्याच विषयावर लिहावं लागलं असतं.

सगळ्यात तातडीचं काम मात्र विद्यापीठातलं नाहीच. महिनाअखेरची मुदत घालून दिलीय ती एचआरने, तेव्हा त्यांना आजच मेल कर. दोन्ही स्पेलिंगची नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोड, आवक शिक्का असलेल्या अर्जाची प्रत मिळाल्याबरोबर पाठवते असं लिही, आणि दुरुस्त कागद येईपर्यंत तात्पुरतं रुजू करून घ्याल का असं स्पष्ट विचार. गोव्यातल्या कंपन्यांना आडनावांचा हा घोळ नवा नाही, पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर वाढीव मुदत मिळते. त्यांचं उत्तरही फोनवर घेऊ नकोस, मेलवरच माग.